मॉनिटरवर न दिसलेली हळद

लग्नाचे अल्बम करून करून मला लग्नांचा वीट आला आहे. हे मी कुणाला सांगत नाही, कारण माझं पोट त्याच्यावर चालतं. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून शेअर रिक्षाने बरंच आत यावं लागतं तिथे, दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून मी अल्बम डिझाइन करते. कल्याण-ठाण्याकडचे काही फोटोग्राफर लग्नं शूट करतात आणि फोटोंचा ढीग माझ्याकडे ढकलून मोकळे होतात. त्यातले बरे निवडायचे, कापायचे, रंग सुधारायचे, पानांवर लावायचे आणि वागळे इस्टेटमधल्या एका लॅबला छपाईसाठी पाठवायचे. माझं स्वतःचं लग्न झालेलं नाही. करायचं राहून गेलं, आणि पुढे ते राहून गेलंय याचीही आठवण कुणी काढेनासं झालं. पण मंगलाष्टकं चालू असताना नवरीचा मामा कुठे उभा असतो आणि कुठल्या घरातली आई पाठवणीच्या आधीच रडायला लागते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

मधे माझे डोळे कुरकुरायला लागले. नंबर बदलून झाला, थेंब घालून झाले, गाजरं खाऊन झाली. शेवटी मी आळशी माणसाचा उपाय केला. मॉनिटरचं रिझोल्यूशन उतरवलं, म्हणजे अक्षरं आणि मेनू मोठे दिसायला लागले. ब्राइटनेस पार टोकाला नेऊन ठेवला. रंगांच्या मेनूत ‘कूल’ म्हणून एक पर्याय होता, तो लावल्यावर सगळं स्वच्छ, निळसर, नीळ घातलेल्या धोतरासारखं दिसायला लागलं. डोळ्यांना जरा बरं वाटलं. थोडं धूसर दिसायचं, पण ते माझ्या डोळ्यांमुळे असेल अशी मी समजूत करून घेतली. पन्नाशीनंतर माणूस बऱ्याच गोष्टींचा दोष आपल्या शरीराला देऊन टाकतो, तसाच हाही.

गिऱ्हाइकांना तर हा मॉनिटर फारच आवडायचा. सिलेक्शनला येऊन बसलेल्या नवऱ्या स्वतःला बघून खूश व्हायच्या. त्यांच्या आया म्हणायच्या, ‘बघा किती गोरी दिसते!’ एवढी वर्षं हेच ऐकतेय. कुणी येऊन असं म्हटलेलं मला आठवत नाही, की आमची मुलगी जशी आहे तशी दाखवा.

हे सगळं चालू असतानाच तो हळदीचा अल्बम माझ्याकडे आला.

खाडीच्या काठावरच्या एका गावातलं आगरी घर. आजोबांच्या वेळी शेती आणि मिठागर होतं, आता तिथे टॉवर उभे आहेत आणि यांचा तीन मजली बंगला. आगरी लग्नात खरी धमाल असते ती हळदीला. लग्नाला एक वेळ पाहुणे कमी पडतील, पण हळदीला गाव लोटतं. म्हातारी धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते, बाहेर बँजो, डीजे, नाच. नवरीपासून दारातल्या कुत्र्यापर्यंत सगळे पिवळे. असले फोटो हाताळायचे म्हणजे माझ्या नाकी नऊ येतात. कॅमेऱ्यातल्या ऑटोला वाटतं, एवढा पिवळा म्हणजे चूकच असणार, आणि तो प्रत्येक फोटोत निळा ओतून ठेवतो. मग मी बसायचं एकेका चेहऱ्याची हळद परत आणत.

त्या ढिगात एक फोटो वेगळा होता. मांडवातला नव्हता. घराच्या मागच्या बाजूच्या खोलीतला असावा, मागे मोठी पातेली उपडी घातलेली दिसत होती. बल्बचा उजेड. पिवळ्या साडीतली नवरी आणि तिच्यासमोर फिकट साडीतली एक बाई. नवरीचा हात त्या बाईच्या गालावर होता. बाईने डोळे गच्च मिटलेले आणि मान एका बाजूला वळवलेली. फोटोग्राफरने नवरीचा निरोप पाठवला होता, ‘आईसोबतचा तो फोटो फुल पेज पाहिजे, बाकी काहीही करा.’ मी फुल पेज केला. बल्बच्या उजेडातल्या फोटोला मी फारसा हात लावत नाही, एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं. तसाच पानावर लावला आणि पुढे गेले.

अल्बम तयार झाला त्या आठवड्यात नवरीच्या आईचा फोन आला. नंबर फोटोग्राफरकडून घेतला होता. छापायच्या आधी एकदा बघायचाय, म्हणाली. मी म्हटलं, मोबाइलवर पाठवते. ती म्हणाली, नको, मीच येते.

सकाळी अकराच्या सुमाराला आली, एकटीच. माझ्यापेक्षा लहान, पंचेचाळीसच्या आतबाहेर. कडक इस्त्रीची फिकी साडी, हातात सोन्याच्या जाड पाटल्या, गळा आणि कपाळ मोकळं. चपला दाराबाहेर इतक्या कडेला काढल्या, की पोस्टमनच्याही पायात येऊ नयेत. चहा नको म्हणाली, मग मी केल्यावर घेतला. मी अल्बम उघडला, तर मांडव, नाच, दागिने सगळं भराभर पुढे ढकलायला लावलं. मुलीचा साखरपुड्याचा फोटोसुद्धा धड बघितला नाही. त्या फुल पेजवर आल्यावर म्हणाली, “थांबा. यो मोठा करा जरा.”

मी मोठा केला. ती खुर्चीतून पुढे झुकली, चष्मा वर-खाली करून माझ्याच मॉनिटरमध्ये नाक घालून बघायला लागली.

“काय बघताय?” मी विचारलं.

“हलद दिसते काय ती.”

“कुठे?”

“माझे गालावर. पोरीनं लावलेली ना. मी मागे भांडीवाल्या खोलीत बसलेली, हलदीत आमी पुढं जात नाय. नवरा जाऊन पोरीचं अख्खं बालपन झालं, मी कोनाच्या हलदीत गेले नाय. नि ही मांडवातनं उठून आली, दोन्ही हात भरलेले, नि लावली मना. नको नको बोलते तवर लावली. तो फोटोवाला तिच्या मागनं आलेला, त्यानं फोटो काढला.”

मी म्हटलं, “मग छानच की.”

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. “छान काय ताई? अल्बम पोरीच्या सासरी जानार. दहा बाया बघनार. उद्या तिला पोर व्हायला उशीर झाला, जावयाला गारीवर कुठं लागलं, तर हेच पान काढून दाखवतील. बोलतील, आईनं विधवा असून हलद लावून घेतली, वर फोटो काढला. बोट माझ्यावर आलं तर मना चालंल. पोरीवर यायला नको.”

मग आम्ही दोघींनी मिळून तिचा गाल तपासला. मी आणखी मोठा केला. स्क्रीनवर गाल स्वच्छ होता. जरा मळकट झाक होती, पण ती बल्बची म्हणून खपण्यासारखी. मी अगदी प्रामाणिकपणे म्हटलं, “नाही दिसत.”

“खरं?”

“तुम्हीच बघताय ना.”

तिने श्वास सोडला तो मला ऐकू आला. “मग ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “पोरीला पायजे ना, ऱ्हाऊ द्या.” जाताना माझा हात हातात घेऊन तिने दाबला. मुलीची हौस भागली आणि मुलीला बोल लागणार नाही, दोन्ही जमलं होतं. माझ्या कामात असा दोन्हीकडून सुटलेला माणूस मला क्वचित बघायला मिळतो, म्हणून तो दिवस मला जरा बरा गेला.

दोनच दिवसांनी माझं दुसरं घोडं अडलं. आधी पाठवलेला एक अल्बम छापून गेला होता, त्या पार्टीने फोटोग्राफरला धरलं, आमची नवरी काळी आली म्हणून. फोटोग्राफरने मला धरलं. मी लॅबला धरलं. लॅबवाल्याने शांतपणे सांगितलं, “मॅडम, फाइलच डार्क आहे. तुमच्या मॉनिटरचा ब्राइटनेस चढवलेला असणार. तुम्ही त्या उजेडात बघून फाइल गडद करता, नि आम्ही आहे तसं छापतो.” मी त्याच्याशी भांडले. आवाजही चढवला. मग फोन ठेवल्यावर मॉनिटरकडे बघितलं आणि मनातून कळलं, की हा बरोबर बोलतोय. त्याचा आणखी राग आला.

वागळे इस्टेटला जायचं माझ्या जिवावर येतं. एक तर तिथल्या सगळ्या गल्ल्या मला सारख्या वाटतात, आणि लॅबच्या जिन्यात केमिकलचा नाहीतर कँटीनच्या सांबाराचा वास असतो. पण गेले. त्याने मला एक टेस्ट प्रिंट दिली आणि तिची फाइल दिली. प्रिंटवर एका बाईचा चेहरा, फळांची टोपली, रंगांचे चौकोन आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पट्ट्या. फाइल उघडायची, शेजारी ही प्रिंट धरायची, आणि दोन्ही सारखी दिसेपर्यंत मॉनिटर खाली आणायचा. सांगायला एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसले. पहिल्यांदा लक्षात आलं, की माझी भिंतच हिरवी आहे. समोरची जुनी सोसायटी पाडून तिथे टॉवर झालाय, आणि त्याला पिस्ता रंग दिलाय. सकाळचं ऊन त्याच्यावर पडतं आणि तो सगळा पिस्ता माझ्या खोलीत येतो, म्हणजे हातातली प्रिंटसुद्धा हिरवट. पडदा लावला, तर पडदा नारिंगी. मग पडदा काढून तिथे एक जुनी राखाडी चादर खिळ्यांना अडकवली. घराला सुतक लागल्यासारखी कळा आली. वरच्या मजल्यावरच्या बाई डबा परत द्यायला आल्या, त्यांनी दारातूनच विचारलं, “काय गं, बरं नाही का?” मी म्हटलं, मॉनिटरला बरं नाही.

मग रिझोल्यूशन. सेटिंगमध्ये कंपनीने कंसात लिहूनच ठेवलेलं असतं, कुठलं लावायचं ते. तेच लावलं. चित्र एकदम सुईसारखं स्पष्ट झालं आणि अक्षरं मुंगीएवढी. म्हणजे इतके दिवस जे धूसर होतं ते माझ्या डोळ्यांमुळे नव्हतंच. नुसती अक्षरं मोठी करायचा वेगळा पर्याय तिथेच वरच्या ओळीत होता. तो मला कधी दिसला नव्हता. मी डोक्याला हात लावला आणि अक्षरं मोठी केली.

त्यानंतर संगणक स्वतःच एकेक पायरी दाखवतो. स्क्रीनवर एक काळ्या कोटातला माणूस येतो. त्याच्या मागे अंधारात एक फुली असते. ब्राइटनेस इतका ठेवायचा, की कोटाच्या चुण्या दिसतील पण फुली जेमतेमच दिसेल. माझ्याकडे ती फुली दुकानाच्या पाटीसारखी लखलखत होती. मग तोच माणूस पांढऱ्या शर्टात. शर्टाची बटणं दिसली पाहिजेत. माझ्याकडे बटणंच नव्हती, नुसता पांढरा उजेड. मॉनिटरची बटणं मागच्या बाजूला, हाताने चाचपून शोधायची. वर दाबायला जावं तर मेनूच बंद होतो, पुन्हा पहिल्यापासून. त्या कोटवाल्या माणसाचं तोंड मी इतका वेळ बघितलं, की त्याचं लग्न असतं तर त्याचाही अल्बम केला असता.

शेवटी ‘कूल’ काढलं आणि लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग हाताने धरले. प्रिंट मांडीवर. निळा खाली, अजून खाली. करड्या पट्ट्या जांभळ्या झाल्या, म्हणून हिरवा जरा वर. प्रिंटमधली संत्री आणि स्क्रीनवरची संत्री एकदाची एका झाडाची वाटायला लागली. ब्राइटनेस पाव हिश्श्यावर आला. जेवायची वेळ टळून गेली होती आणि पाठ धरली होती. समोर जे दिसत होतं ते खरं होतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. सगळं मंद, पिवळट, जुनाट. एवढे दिवस मी एका झगझगीत खोट्यात बसून काम करत होते, आणि तिथेच मला बरं वाटत होतं.

आता हातातले सगळे अल्बम पुन्हा उघडून बघणं आलं. हळदीचा अल्बम दुसऱ्या दिवशी लॅबला जायचा होता, म्हणून तोच आधी उघडला.

त्या फुल पेजवर आले आणि माउस तिथेच थांबला.

हळद होती. गालाच्या हाडापासून जबड्यापर्यंत चार बोटं ओढलेली, हनुवटीला अंगठ्याचा ठसा. ओली, दाट, कडेला कण वाळायला लागलेले. खांद्यावरच्या पदरावर एक थेंब सांडलेला. आंधळ्यालाही दिसली असती. मी त्या बाईला माझ्या शेजारी बसवून, तिचा गाल स्क्रीनभर मोठा करून, तोंडावर सांगितलं होतं की दिसत नाही.

मी उठून चहा केला आणि तो पिताना मला सगळ्यांचाच राग आला. मुलीचा, की एवढी हौस होती तर सासरी अल्बम नेऊ नकोस. आईचा, की कुणी काही बोलायच्या आत सगळं स्वतःच बोलून बसलीय. फोटोग्राफरचा तर नेहमीच येतो. मला कुणाच्या घरातलं काही निस्तरायचं नव्हतं. गप्प राहून छापलं असतं, तर मुलगी खूश झाली असती. गप्प राहून पुसलं असतं, तर आई सुटली असती. दोन्हीला पाच-दहा मिनिटं पुरली असती. माझी आई आठवली. वडील गेल्यानंतर शेजारी संक्रांतीचं हळदीकुंकू असलं, की ती आपणहून आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसायची. आम्ही काही आगरी नाही, आमच्याकडे तिला कुणी तसं सांगितलंही नव्हतं. घड्या घालून झाल्या की ती त्या मोडून परत घालायची.

मी फोन केला. “तुम्हाला परत यावं लागेल,” मी म्हटलं. “दिसतेय.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग तिने विचारलं, “किती?”

“चांगलीच.”

दुपारी आली. या वेळी चपला दारातच काढल्या, तशाच उलट्यासुलट्या. बसली आणि मी काही बोलायच्या आत स्क्रीनकडे बघितलं. तिचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला.

“एवढी?” ती म्हणाली.

“हो.”

“त्या दिवशी नव्हती.”

मी तिला समजावलं. मॉनिटर चढवला होता, निळा जास्त होता, त्यात पिवळा बुडून गेला. डॉक्टर काही सांगतो तेव्हा माणूस जसं ऐकतो, तसं तिने ऐकलं. शेवटी कामाचं तेवढं विचारलं. “छापल्यावर कशी दिसंल?”

“आता दिसतेय तशीच. आता हे बरोबर केलंय.”

“मग काढा.”

“मुलीला विचारू या का एकदा?”

“तिला काय विचारायचं? तिनंच तर लावली.”

मी हळद काढायला घेतली. दुसऱ्या गालाचा रंग उचलायचा आणि ब्रशने हलक्या हाताने वर फिरवायचा. अंगठ्याचा ठसा आधी गेला. मग कानाकडचं बोट, मग त्याच्या शेजारचं. ती खुर्ची पुढे ओढून बसली होती आणि राहिलेलं बोटाने दाखवत होती, “हितं ऱ्हायली. हितं पन जरा.” लादी पुसणाऱ्या बाईला डाग दाखवावेत तसं. पदरावरचा थेंबही तिनेच दाखवला. मी तो काढला. मला हे काम येतं. पुरळ, देवीचे वण, मानेवरचे ओरखडे, दारू प्यायलेल्या काकांचे लाल डोळे, मी सगळं काढलंय. थोड्या वेळात गाल कोरा झाला. कुणी सांगितलं नसतं, तर तिथे कधी काही होतं हे कळलंही नसतं.

“झालं,” मी म्हटलं, आणि पूर्ण पान दिसेल असं छोटं केलं.

ती बघत राहिली. मीही बघितलं. आणि आम्हा दोघींना बहुतेक एकदमच दिसलं.

बाईचे डोळे गच्च मिटलेले. मान एका बाजूला गेलेली. मुलीचा पंजा गालावर. मधली हळद गेल्यावर त्या हाताला तिथे काही कामच उरलं नव्हतं. मुलीने आईच्या मुस्काटात मारली होती, इतकंच आता त्या फोटोत दिसत होतं.

“ही मना मारते काय?” ती म्हणाली.

“नाही हो. तसं…”

“मारल्यावानी दिसतंय, ताई. लग्नाच्या आदल्या दिवशी पोरगी आईला मारते.” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “तशी नाय ती. ती तशी पोर नाय.”

मी म्हटलं, मग हा फोटोच नको ठेवायला, दुसरा लावते, मांडवातला. तिने नकारार्थी मान हलवली. मुलगी विचारेल, म्हणाली. मी म्हटलं, तुमचा चेहरा जवळून कापते, हात काढून टाकते. तिने त्यालाही मान हलवली, पण ती माझं ऐकत नव्हती. त्या कोऱ्या गालाकडे बघत होती.

“तिनं लावली नि परत पलत मांडवात गेली,” ती म्हणाली. “बोलावत होते तिला. ती गेली नि मी पदरानं पुसली. मग मोरीत जाऊन साबनानं धुतली. कोन यायच्या आत. मना वाटलं आरशात बघावं, तितंच होता आरसा, खुंटीवर. नाय बघितलं.”

मी माझी खुर्ची जरा मागे घेतली. मला फार थकल्यासारखं झालं होतं, आणि रडू येत होतं, आणि ते तिला दिसू नये असं वाटत होतं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

“परत लावा,” ती म्हणाली.

मी की-बोर्डवर मागे जायची बटणं दाबायला लागले. ते एकदम होत नाही, ब्रश जसा फिरला होता तसाच एकेका पायरीने उलटा फिरतो. आधी पदरावर थेंब आला. मग उरलेली तीन बोटं, मग कानाकडचं. मी दाबत होते आणि ती खुर्चीच्या कडेला आली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. शेवटचा अंगठा हनुवटीवर उमटायच्या वेळी तिने डोळे मिटले आणि गाल किंचित पुढे केला.

मी बटण सोडलं. ती तशीच बसली होती.

“आणि सासरचे?” मी हळूच विचारलं. “ते बघतील ना.”

तिने डोळे उघडले, स्क्रीनवर स्वतःकडे नीट बघून घेतलं.

“मी एकदा पुसली तेवढी पुरे झाली, ताई,” ती म्हणाली. “तुमी नका पुसू.”